अर्ध्या इंचाचा धोका

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या पॉन्टियाक शहरात १९७३ ते १९७८ या काळात जनरल मोटर्सने एक मोटरहोम बनवले. नाव साधेच, जीएमसी मोटरहोम. इंजिन आणि गिअरबॉक्स ओल्ड्समोबाइल टोरोनाडो या मोटारीचे, ओढ पुढच्या चाकांची, आणि मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाके. या दोन चाकांच्या मध्ये हवेची पिशवी बसवून स्प्रिंगचे काम तिच्याकडे दिलेले. मागे आडवा ॲक्सल नाही, खालून जाणारा दांडा नाही, त्यामुळे घराची जमीन रस्त्याच्या अगदी जवळ आणता आली. एकूण सुमारे १३,००० गाड्या बनल्या आणि पन्नास वर्षांनंतरही त्यांतल्या कितीतरी चालू आहेत. मालकांनी त्यांची इंजिने पुन्हा बांधली, ब्रेक सुधारले, आतले फर्निचर बदलले. जिथे त्यांचा हात अडतो ती जागा मात्र अगदी खाली, रस्त्याला टेकलेली आहे. ही गाडी कारखान्यातून ८.७५-१६.५ मापाच्या टायरवर बाहेर पडली, आणि साडेसोळा इंची टायर आता बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले आहेत.

या एका गाडीच्या निमित्ताने प्रश्न जुन्या सगळ्याच मोटरहोमचा आहे. जुना टायर उतरवायचा, त्याच मापाचा किंवा ‘साधारण तेवढाच’ नवा चढवायचा, दारावरच्या पट्टीत लिहिली आहे तेवढी हवा भरायची, की काम झाले, असे बहुतेकांना वाटते. मोटारीच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही ठरते. चार-पाच टनांचे घर पाठीवर घेऊन धावणाऱ्या गाडीच्या बाबतीत ते खरे नाही. इथे टायर एकटा निवडता येत नाही. तो ज्या चाकावर बसणार ते चाक, त्या चाकाच्या भोकातला व्हॉल्व आणि त्या चाकावर प्रत्यक्ष पडणारे वजन, या तिघांना विचारल्याशिवाय नवा टायर किती भार पेलेल आणि त्यात किती हवा भरायची याचे उत्तर मिळत नाही.

आधी हे साडेसोळा इंच आले कुठून ते पाहू. जुन्या काळी मालवाहू गाड्यांना ट्यूबचे टायर असत आणि त्यांची रिम अनेक तुकड्यांची असे. टायर बाजूने सरकवायचा आणि वरून लॉक रिंग ठोकून बसवायची. आपल्याकडे १०.००-२० मापाच्या टायरवर धावणारे ट्रक किंवा ७.५०-१६ मापावरची टाटा ४०७ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रिंग ठाऊक असते. ट्यूबलेस टायर आला तेव्हा सांध्यांतून हवा गळणार नाही अशी एकसंध रिम हवी झाली. मग रिमच्या मध्यभागी खोल घळ ठेवली, म्हणजे टायरची कड त्या घळीत दाबून दुसऱ्या बाजूने वर चढवता येते. आणि टायरची कड, म्हणजे ज्यात पोलादी तारांचे कडे असते ती बीड, जिथे टेकते त्या बैठकीला १५ अंशांचा उतार दिला. हवा भरली की बीड त्या उतारावर घट्ट चढून बसते. साध्या मोटारीच्या आणि सोळा इंची हलक्या ट्रकच्या रिमला हा उतार फक्त ५ अंशांचा असतो.

१५ अंशांच्या या रिम ओळखण्याची खूण त्यांच्या मापातच आहे. त्यांचा व्यास ‘साडे’मध्ये सांगितला जातो: १६.५, १७.५, १९.५, २२.५, २४.५. मुंबई-पुणे मार्गावरच्या व्होल्वो बसचे २२.५ इंची ट्यूबलेस टायर याच घराण्यातले. मोठ्या ट्रक-बसमध्ये ही मापे टिकली, वाढली. हलक्या ट्रकमध्ये मात्र अमेरिकन कारखाने कालांतराने ५ अंशांच्या सोळा इंची रिमकडे परतले आणि साडेसोळा इंची माप अनाथ झाले. अमेरिकी लष्कराच्या हमव्हीला ते मिळाले, पण तिचे साडेबारा इंच रुंदीचे टायर मोटरहोमच्या चाकखोबणीत बसणे शक्य नाही.

सोळा आणि साडेसोळा यांतले अंतर अर्ध्या इंचाचे आहे, आणि या विषयातला सर्वांत मोठा धोका याच अर्ध्या इंचात दडलेला आहे. सोळा इंची टायर साडेसोळा इंची रिमवर चढतो. मध्ये घळ असल्यामुळे बीड कडेवरून सहज आत जाते, आणि यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला काही वेगळे घडते आहे असे जाणवतही नाही. पुढे हवा भरायला सुरुवात झाली की बीड उताराच्या पायथ्याशी अडते. तिचे पोलादी कडे त्या बैठकीपेक्षा लहान आहे, त्यामुळे ते तिथे बसणे कधीच शक्य नसते. काम करणाऱ्याला वाटते, टायर नवा आहे, कडक आहे, थोडी आणखी हवा दिली की बसेल. तो हवा वाढवतो. आतला दाब बीडला वर ढकलत राहतो, कड्यातल्या तारांवर ताण चढत जातो आणि एका क्षणी त्या तुटतात. ट्रकच्या टायरात त्या दाबाला कोंडलेली हवा एका झटक्यात मोकळी होते. टायर आणि रिम मिळून तीस-चाळीस किलोंचे वजन त्या झटक्याने हवेत उडते, आणि जो माणूस वाकून पाहत असतो त्याच्या चेहऱ्यावर, हातांवर आदळते.

असे अपघात अमेरिकेत इतके झाले की सोळा इंची हलक्या ट्रकच्या टायरवर तसा स्पष्ट इशारा छापावा लागला. १९९८ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने युनिरॉयल गुडरिच टायर कंपनीच्या एका दाव्यात निकाल दिला, तो याच अपघाताचा होता. एका मेकॅनिकने सोळा इंची टायर साडेसोळा इंची रिमवर चढवला. टायरवर चित्रासह इशारा चिकटवलेला होता: सोळाचा टायर साडेसोळाच्या रिमवर कधीही चढवू नका. हवा भरताना टायरवर वाकू नका असेही त्यात होते. तो वाकलेला होता, टायर फुटला आणि त्याला गंभीर इजा झाली. कंपनीचे म्हणणे, इशारा दिला होता तर आमची जबाबदारी संपली. न्यायालयाने ते मानले नाही. बीडची अधिक मजबूत बांधणी उपलब्ध असताना नुसता इशारा छापला म्हणून वस्तू सुरक्षित ठरत नाही, इशारा हा विचारात घेण्याचा एक मुद्दा आहे, शेवटचा शब्द नाही, असे न्यायालयाने म्हटले. माझ्या मते हा निकाल रोज चाकांशी झटणाऱ्या माणसाचा स्वभाव ओळखून दिलेला आहे. दिवसभरात अनेक टायर चढवणारा कामगार प्रत्येक रिमचे माप वाचत बसत नाही, आणि मापात अर्ध्या इंचाचा फरक डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून जुन्या मोटरहोमच्या मालकाने टायरच्या दुकानात जाण्यापूर्वी स्वतःच्या चाकावर कोरलेले माप वाचून, ते कागदावर लिहून, कामगाराच्या हातात द्यावे. बऱ्याच चाकांवर ते आतल्या बाजूला, गंजाच्या आणि रंगाच्या थराखाली असते. तारेच्या ब्रशने घासून काढावे लागते. एखाद्या गाडीला आधीच्या मालकाने दोन चाके सोळाची आणि दोन साडेसोळाची लावलेली असतात. जीएमसीसारख्या गाडीला तर सहा चाके आणि एक स्टेपनी. सातही चाके वेगवेगळी वाचायची. बीड बसवताना हलक्या ट्रकच्या टायरात ४० पीएसआयच्या वर जायचे नाही, हा अमेरिकन टायर उद्योगाचा नियम आहे. तेवढ्यात बीड बसली नाही तर हवा पूर्ण सोडायची, टायर उतरवायचा आणि का बसत नाही ते शोधायचे. लांब नळी आणि व्हॉल्वला आपोआप धरून राहणारी क्लिप वापरायची, आणि हवा भरताना बाजूला उभे राहायचे.

काही जुन्या मोटरहोमवर याहूनही वाईट गोष्ट सापडते. साठ-सत्तरच्या दशकांत डॉज चासीवर बांधलेल्या काही गाड्यांना फायरस्टोनची ‘आरएच पाच अंश’ जातीची दोन तुकड्यांची रिम होती. गंजल्यावर तिचे दोन भाग एकमेकांत नीट अडकले आहेत की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि हवा भरताना ते सुटून उडतात. अमेरिकेत मेकॅनिक या रिमला ‘विधवा करणारी’ म्हणतात आणि अनेक दुकाने तिला हातही लावत नाहीत. अशी रिम असेल तर तिच्यावर नवा टायर शोधण्यात वेळ घालवू नये. चाकच बदलावे.

जीएमसीच्या मालकांनीही बहुतांशी हाच मार्ग धरला आहे. साडेसोळाची चाके काढून सोळा इंची चाके लावायची, कोणी पोलादाची, कोणी ॲल्युमिनियमची, आणि त्यांवर एलटी२२५/७५आर१६ मापाचा टायर चढवायचा. हा बदल करताना भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास जुळला की चाक जुळले असे मानणे मात्र चूक आहे. चाकाचा ऑफसेट, म्हणजे हबवर टेकणारा भाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती आत वा बाहेर आहे तो, जुळला पाहिजे. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत तो चुकला की स्टिअरिंग जड होते आणि बेअरिंगवर नको तो ताण येतो. नटाचे तोंडही जुळले पाहिजे: काही चाकांना शंकूच्या आकाराचा नट लागतो, काहींना गोलाकार, काहींना सपाट वॉशरचा. पोलादी चाक काढून जाड ॲल्युमिनियम चाक लावले आणि बोल्ट जुन्याच लांबीचे ठेवले, तर नट फक्त थोड्या आट्यांवर धरतो. ते बाहेरून दिसत नाही.

आता चाक आणि टायर यांचा एकमेकांशी असलेला हिशोब पाहू. एलटी२२५/७५आर१६ या लांबलचक नावात ‘एलटी’ म्हणजे हलक्या ट्रकचा टायर, २२५ मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १६ इंच रिम. पण त्याची ताकद या नावात नाही. ती सी, डी, ई या भारश्रेणीत आहे. सी श्रेणीचा टायर ५० पीएसआयला ८८० किलो पेलतो, डी ६५ पीएसआयला १,०६० किलो, आणि ई ८० पीएसआयला १,२१५ किलो. हे तिन्ही आकडे एकाच मापाच्या टायरचे आहेत. ई श्रेणीच्या टायरात ५० पीएसआयच हवा भरली तर तोही ८८० किलोच पेलतो. भार हवा उचलते. जाड टायर फक्त अधिक दाबाची हवा धरून ठेवू शकतो. हे कळले की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते.

जुन्या गाडीच्या दारावर ‘पुढे इतके, मागे इतके पीएसआय’ अशी पट्टी असते. ती त्या काळच्या मापाच्या आणि त्या काळच्या श्रेणीच्या टायरसाठी लिहिलेली आहे. माप बदलले की तो आकडा नव्या टायरला लागू होत नाही. तो कमीही ठरू शकतो आणि जास्तही. दुसरीकडे टायरच्या अंगावर छापलेला ८० हा आकडा पाहून सरळ ८० भरणारेही पुष्कळ आहेत. तो आकडा ‘एवढी हवा भरा’ असे सांगत नाही. पूर्ण १,२१५ किलो पेलायचे असतील तर एवढी लागेल, असे तो सांगतो.

आणि इथे जुने चाक मध्ये येते. चाकालाही स्वतःची कमाल भारमर्यादा आणि कमाल दाबमर्यादा असते. सत्तरच्या दशकातले पोलादी चाक त्या काळच्या टायरांच्या दाबासाठी बनवलेले असते. समजा, चाकाची मर्यादा ६५ पीएसआय आहे आणि त्यावर ई श्रेणीचा टायर चढवला. मालकाला वाटते, आपण ताकद वाढवली. प्रत्यक्षात त्या चाकावर ६५ च्या वर हवा भरता येत नाही, म्हणजे टायर १,०६० किलोच पेलणार. त्याने ई श्रेणीचे पैसे मोजले आणि भार डी श्रेणीचाच मिळाला. हे तोट्याचे, पण निदान सुरक्षित आहे. धोका तेव्हा होतो, जेव्हा तो टायरवर छापलेला आकडा पाहून ८० भरतो. मग भोकांभोवती आधीच बारीक चिरा असलेले चाक त्याला मिळालेल्या दाबाखाली आणि भाराखाली रोज थोडे थोडे उघडत जाते. त्यातही जी चाके तिरप्या कापडी थरांच्या जुन्या टायरसाठी बनली, त्यांवर रेडियल टायर चाकाला वेगळ्या जागी ताण देतो. चाकावर मर्यादा कोरलेली सापडली नाही तर चाक बनवणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधून ती शोधावी. तिथेही नसेल तर नवे चाक घ्यावे. पन्नास वर्षांच्या पोलादाची ताकद नजरेने अंदाजून ठरवण्याची ही जागा नव्हे.

चाकाची रुंदीही तितकीच महत्त्वाची. एलटी२२५/७५आर१६ हा टायर ६ ते ७ इंच रुंद रिमसाठी मान्य आहे. त्याच्या शेजारी दुकानात एलटी२४५/७५आर१६ असतो, तो ई श्रेणीत सुमारे १,३८० किलो पेलतो, आणि जुनी गाडी जड वाटते म्हणून लोक तोच मागतात. पण त्याला किमान साडेसहा इंच रुंद रिम लागते. सहा इंची जुन्या रिमवर तो चढेल, दुकानदार चढवूनही देईल, पण बाजूच्या भिंती आत ओढल्या जातील, टायर मधूनच झिजेल आणि वळणावर गाडी डोलेल.

व्हॉल्व ही सर्वांत स्वस्त वस्तू आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी. मोटारीच्या चाकात दाबून बसवतात तो साधा रबरी व्हॉल्व ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. त्याहून जास्त हवा भरायची असेल तर उच्च दाबाचा रबरी किंवा नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व हवा. टायर बदलताना प्रत्येक वेळी व्हॉल्वही बदलावा. शे-दोनशे किलोमीटर गेल्यावर रबर फाटून हवा हळूहळू गळू लागली तर चालकाला ते मोठ्या गाडीत जाणवत नाही, विशेषतः शेजारी शेजारी बसवलेल्या जोडचाकांतल्या आतल्या टायरचे.

आता वजन. इथे मला आग्रहाने सांगायचे आहे की अंदाज पुरत नाही. मोटरहोमचे वजन कारखान्याच्या कागदावर एक असते, पन्नास वर्षांत त्यात जनरेटर, बॅटऱ्या, जास्तीची टाकी, छतावर सौर पॅनेल, गालिचे, भांडी अशी भर पडत जाते, आणि ती समान वाटली जात नाही. एका बाजूला फ्रीज आणि स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. दीडशे लिटरची टाकी भरली की एका कोपऱ्यात दीडशे किलो वाढतात. अमेरिकेत महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केलचे वजनकाटे असतात, तिथे ॲक्सलवार वजन मिळते. शक्य असेल तिथे गाडीच्या दोन्ही बाजू वेगळ्या तोलाव्यात. आणि गाडी प्रवासाला निघते तशी, म्हणजे इंधन, पाणी, माणसे, सामान सगळ्यासह तोलावी.

एक मांडणी करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, जीएमसीच्या पुढच्या डाव्या चाकावर ९७५ किलो आले, उजव्यावर ९३०. मागे डाव्या बाजूच्या दोन चाकांवर मिळून १,६८० किलो, म्हणजे प्रत्येकी ८४०. उजवीकडे थोडे कमी. नियम असा की एका ॲक्सलच्या सगळ्या टायरांत एकच दाब ठेवायचा, आणि तो जास्त जड बाजू पाहून ठरवायचा. पुढे ९७५ किलोंना ५० पीएसआयचे ८८० पुरत नाहीत, ६५ चे १,०६० पुरतात, म्हणून पुढे ६५. मागे ८४० किलोंना ५० पीएसआयचे ८८० पुरतात खरे, पण मधली चाळीस किलोंची जागा फार कमी आहे; एखादे कुटुंब आणखी एक पेटी टाकते, हवा दोन पीएसआयने गळते. म्हणून मागे ५५ ठेवणे शहाणपणाचे. आणि चाकाची ६५ पीएसआयची मर्यादा, व्हॉल्वची ६५ ची मर्यादा, दोन्ही आतच राहिल्या. समजा, पुढे १,१०० किलो आले असते, तर या चाकांवर या गाडीला सुरक्षित टायरच नव्हता. मग वजन उतरवायचे, किंवा अधिक ताकदीची चाके आणायची. तिसरा उपाय नाही.

जिथे मागे दोन-दोन चाके शेजारी शेजारी असतात, त्या गाड्यांचा हिशोब वेगळा. तिथे तोच ई श्रेणीचा टायर १,२१५ ऐवजी १,१२० किलोच धरायचा, कारण रस्ता कधी सपाट नसतो आणि एक टायर क्षणभर दुसऱ्याचे ओझे घेतो. शिवाय दोन टायरांच्या मध्ये जागा हवी. रुंद टायर चढवला तर भाराखाली फुगलेल्या बाजू एकमेकींना घासतात. अशा गाड्यांना बऱ्याचदा एलटी२१५/८५आर१६ हा उंच पण अरुंद टायर जास्त योग्य ठरतो. ई श्रेणीत तोही एकटा असताना १,२१५ किलो पेलतो. जोडीतले दोन टायर एकाच व्यासाचे असले पाहिजेत, म्हणजे एक नवा आणि एक अर्धा झिजलेला असे नको. मोटारीचा टायर त्याच मापात मिळाला तर त्याची छापील क्षमता १.१० ने भागून धरावी लागते. ट्रेलरचा ‘एसटी’ टायर मोटरहोमला लावायचाच नाही.

या सगळ्या काळजीचे कारण उष्णता आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत जास्त वाकतो आणि सरळ होतो. तार हातात धरून वाकवत राहिले की ती वाकण्याच्या जागी गरम होते, तसेच इथे रबर गरम होते. मग रबर आणि आतल्या पोलादी पट्ट्यांमधला चिकटपणा सुटतो आणि उन्हाळ्यात महामार्गावर टायरचा वरचा थर सोलून निघतो. तो थर सुटताना चाकखोबणीतल्या गॅसच्या नळ्या, वायरिंग, ब्रेकची पाईप तोडतो. पुढचा टायर असेल तर गाडी रस्ता सोडते. अमेरिकेत २००० साली फायरस्टोनने लक्षावधी टायर परत बोलावले, तेव्हा एक वाद दाबाचाच होता. एक्सप्लोरर गाडीसाठी फोर्डने २६ पीएसआय सुचवले होते आणि फायरस्टोनने ३०. त्यानंतरच्या कायद्यामुळे हलक्या गाड्यांना टायरचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. १०,००० पाउंड म्हणजे साधारण साडेचार हजार किलोंच्या वरच्या गाड्या त्यातून सुटल्या. मोटरहोम बहुधा त्या रेषेच्या वरच असते. म्हणून प्रत्येक व्हॉल्वला स्वतः सेन्सर लावून घेणे मला या जुन्या गाड्यांवरचा सर्वांत योग्य खर्च वाटतो.

टायर चाकाला बसतो, भार पेलतो, तरीही तो त्या कामासाठी योग्य असेलच असे नाही, हे गुडइयरच्या जी१५९ या टायरने दाखवले. १९९६ ते २००३ या काळात बनलेला २७५/७०आर२२.५ मापाचा हा टायर मोठ्या मोटरहोमना लावला गेला. अमेरिकी महामार्ग सुरक्षा प्रशासनाने त्याच्याशी संबंधित ८ मृत्यू आणि ६९ जखमी नोंदवले. हा टायर महामार्गावर सतत वेगाने धावण्यासाठी योग्य नव्हता, असा आरोप दाव्यांत होता. कंपनीचे म्हणणे, टायरात दोष नव्हता, कमी हवा आणि जास्त वजन हे कारण. अखेर २०२२ साली कंपनीने सुमारे १,७३,००० टायर परत बोलावले. तोवर शेवटचा टायरही एकोणीस वर्षांचा झाला होता. तरी परत बोलावावे लागले, कारण मोटरहोम वर्षातून थोडे दिवस धावते आणि टायरची नक्षी वीस वर्षांतही झिजत नाही.

म्हणून टायरची तारीख पाहावी. बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, तो तिथल्या तिथे उतरवावा. मिशलिन सांगते की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही चांगली असली तरी, बदलावा. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी त्याहून लवकर बदलणे उत्तम.

महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. जुन्या मिनीबस आणि हलके ट्रक घेऊन त्यांत घर थाटणारेही आता दिसू लागले आहेत. त्यांच्या पुढेही हेच प्रश्न येतात. टाकी, बॅटऱ्या, एसी आणि लाकूडकाम भरल्यावर ती गाडी पूर्वीच्या वजनाची राहत नाही, आणि टायरचे दुकान मूळ गाडीच्या पट्टीवरूनच हवा भरते. आपल्याकडे महामार्गांवर आणि बाजार समित्यांजवळ धर्मकाटे पुष्कळ आहेत. पुढची चाके काट्यावर, मग सगळी गाडी, असे दोनदा तोलून घेतले की अर्धे उत्तर मिळते.

हवा नेहमी थंड टायरातच मोजायची. म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना, सकाळी निघण्यापूर्वी, उन्हाचा पट्टा एका बाजूच्या टायरांवर पडण्याआधी. प्रवासात टायर गरम होऊन दाब वाढतो, तो वाढायलाच हवा. वाढलेली हवा सोडायची नाही. हवामान बदलले तर मात्र थंड दाबही बदलतो. ६५ पीएसआयच्या टायरात दर १० अंश सेल्सिअसला साधारण पावणेतीन पीएसआयचा फरक पडतो. फ्लोरिडातल्या २५ अंशांत हवा भरून मिशिगनच्या उणे ५ अंशांत परतलेल्या गाडीच्या टायरात आठएक पीएसआय कमी झालेले असतात. बाहेरून ते दिसणार नाही, गेजच दाखवेल.

दारावरची मूळ पट्टी काढू नये, पण तिच्या शेजारी एक नवी लावावी. तिच्यावर चाकाचे माप आणि मर्यादा, टायरचे माप आणि भारश्रेणी, पुढचा व मागचा थंड दाब, गाडी ज्या दिवशी तोलली ती तारीख आणि त्या दिवशी प्रत्येक चाकावर आलेले वजन लिहावे. पुढच्या वेळी टायर बदलणारा, मग तो मालक असो किंवा ही गाडी विकत घेणारा अनोळखी माणूस, तो ती पट्टी वाचूनच दुकानात जाईल.